मुक्काम पाटण, दिशा आग्नेय

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ही वार्ता बहुतेकांनी सकाळच्या चहाबरोबर वाचून चहाबरोबरच संपविली असेल. परंतु आमचे जळगावचे चुलतबंधू नाना, जे नायब तहसीलदाराच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झाले असून ज्यांना कोणतेही सरकारी लिखाण शेवटच्या कलमापर्यंत वाचल्यावाचून अन्न गोड लागत नाही, त्यांनी ते धोरण साद्यंत वाचले, त्याच्या समासात तांबड्या शाईने शेरे मारले, आणि अखेर धुळ्याच्या एका कसबी कारागिराकडून एक जुनी प्रवासी गाडी आतून उकलवून तिच्यात निजण्याचे बाक, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि भांड्यांची फळी एवढा संसार बसवून घेतला. गाडीचे सर्व दस्तऐवज परिवहन कार्यालयातून रीतसर दुरुस्त करून आणल्यावरच नानांनी तिला नारळ फोडला. सरकारी नोकरीत ज्यांचा जन्म गेला त्यांच्या साहसालाही जावक क्रमांक लागतो.

पहिला मुक्काम चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील पाटणादेवीच्या परिसरात करावा असे ठरले. तेथील अभयारण्याच्या हद्दीत रात्री राहण्याचा प्रश्न नव्हता. हद्दीच्या बऱ्याच अलीकडे, नानांच्या एका स्नेह्याच्या लिंबाच्या बागेत गाडी उभी करण्याची तजवीज झाली होती. मंडळी निघणार इतक्यात वहिनींनी आपली अट जाहीर केली. जंगल, थंडी, डास, विंचू या सर्वांना त्यांची ना नव्हती. मात्र रात्री साडेआठची मालिका चुकता कामा नये. त्या मालिकेतील सूनबाई त्या आठवड्यात सासऱ्यांच्या मृत्युपत्राचा लखोटा उघडणार होती, आणि मृत्युपत्राचा विषय निघाल्यामुळे नानांचीही वृत्ती वरकरणी निर्विकार पण आतून उत्सुक झाली होती. मोबाइलवर पाहता येईल, अशी सूचना नातवाने केली. परंतु डोंगराच्या कुशीत मोबाइलची रेघ एकदा दिसते आणि तीनदा लोपते, हा अनुभव सर्वांचा होता. परिणामी घराच्या गच्चीवरची डिश, जिला आमच्याकडे सर्रास छत्री म्हणतात, ती उतरवून गाडीच्या टपावर बांधण्यात आली.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर सोडलेला उपग्रह पृथ्वीभोवतीची प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच अवधीत पुरी करतो, म्हणून खालून पाहणाऱ्यास तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा भासतो. वास्तविक त्या स्थैर्यासाठी त्याला सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने अहोरात्र धावावे लागते. नातवाने हे वाटेत समजावून सांगितले तेव्हा वहिनी "म्हणजे बायकांसारखंच की," एवढे बोलून पुन्हा लसूण सोलू लागल्या. आता आपल्या घरोघरी चित्रे पाठविणारे हे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांश आणि त्याच्या पलीकडे उभे, आणि आपला खानदेश पंचाहत्तरीच्या आसपास. सबब जळगाव काय, धुळे काय, येथील यच्चयावत छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या आढळतात. वास्तुशास्त्राने ही दिशा स्वयंपाकघराला दिलेली आहे. एकाच दिशेवर चुलीचा आणि दूरचित्रवाणीचा असा दुहेरी कब्जा असल्यामुळेच कदाचित मालिका चालू असताना आमटी उतू जाते.

सायंकाळी पाचच्या सुमारास बागेत पोहोचल्याबरोबर नानांनी कामास हात घातला. जमीन महसुलाच्या खात्यात हयात गेल्यामुळे कोणत्याही वस्तूचे स्थान निश्चित करायचे म्हणजे आधी चतुःसीमा लिहायच्या, हा त्यांचा शिरस्ता. पूर्वेस विहीर, पश्चिमेस बांध, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस डोंगर, आणि आग्नेयेस, नेमकी आग्नेयेस, बागेच्या मालकाच्या आजोबांच्याही आधीपासून उभी असलेली एक अवाढव्य चिंच. नानांनी चिंचेकडे अतिक्रमणाकडे पाहावे तसे पाहिले. पण तिचा सात-बाऱ्यावरचा हक्क निर्विवाद होता.

नातवाने मोबाइलमध्ये आधीच उतरवून आणलेला हिशेब वाचून दाखविला : आमच्या छत्रीच्या कंपनीचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणजे चाळीसगावाहून पाहता तो क्षितिजापासून सुमारे ६४ अंश वर. नानांनी कंपासपेटीतला कोनमापक मागविला, त्याला दोरा आणि दोऱ्याला गाडीची किल्ली लोंबकळवून ओळंबा केला, आणि छत्रीचा चेहरा ६४ अंशांवर आणून, साक्षीदार म्हणून माझी सही घ्यावी की काय अशा मुद्रेने माझ्याकडे पाहिले. कोन अचूक होता. पडदा मात्र कोरा होता.

मग सुरू झाला तो विधी, जो दूरचित्रवाणी या देशात आल्यापासून अव्याहत चालत आलेला आहे. टपावर नाना, दारात मी, आत नातू.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आलं... गेलं!"

१९८७-८८ साली दर रविवारी सकाळी रामायण लागे, त्या काळी गच्चीवरच्या बांबूला बांधलेला अँटेना फिरवीत मी हेच संवाद म्हटलेले आहेत. परंतु त्या काळचे यंत्र दयाळू होते. दिशा थोडी चुकली तर पडद्यावर मुंग्या येत, पण मुंग्यांच्या वारुळातून का होईना प्रभू रामचंद्रांचे दर्शन घडे, आवाज तर घडेच घडे. नवी अंकीय पद्धती अशी सवलत देत नाही. चित्र आले तर आरशासारखे लख्ख, नाही तर काळा पडदा आणि त्यावर एक सभ्य पण निष्ठुर सूचना. त्या सूचनेखाली दोन पट्ट्या असतात. एक संकेताचे बळ दाखवते, दुसरी त्याचा दर्जा. आमची बळाची पट्टी प्रारंभापासून भरलेली होती, कारण ती भरण्यासाठी उपग्रह सापडलाच पाहिजे असे नाही, छत्रीच्या तोंडापुढचे उपकरण आणि त्याची वायर शाबूत असली तरी ती भरते. दर्जा शून्य. अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, बहुधा व्यासपीठांवर.

पुढे नातवाने एक तोड काढली. बागेतल्या झोपडीवर एक छत्री होती. तिच्याप्रमाणे आपली फिरवावी. नानांनी नक्कल तंतोतंत केली आणि तीही निष्फळ ठरली, कारण झोपडीवरची छत्री दूरदर्शनच्या फुकट सेवेची होती. ती सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, जो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला आणि ९३.५ अंशांवर मुक्कामाला आहे. म्हणजे दोन्ही छत्र्यांची दिशा आग्नेयच, पण दोहोंच्या नजरांत वीस-बावीस अंशांची फारकत. एका आग्नेयेत इतक्या आग्नेया असतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

नाना थकून खाली उतरले तेव्हा, त्यांचे मन दुसरीकडे वळवावे म्हणून, मी पाटणच्या शिलालेखाचा विषय काढला. या पाटणलाच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. १२०७ सालचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. 'सिद्धान्तशिरोमणी'त आचार्यांनी खगोलवेधाची अनेक यंत्रे वर्णिली आहेत, आणि त्या सर्वांत श्रेष्ठ मानले आहे ते बुद्धीच्या यंत्राला, ज्याच्या जोडीला एक साधी काठी असली तरी पुरे. ज्या भूमीत उंची आणि अंतरे काठीने मोजण्याची विद्या शिकवावी असा संकल्प झाला, त्याच भूमीत आम्ही एक छत्री सरळ करू शकत नव्हतो, हे मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सुचविले. नानांना खगोल रुचला नाही. पण त्या लेखात निकुंभ वंशातील सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी मठाला दिलेल्या दानांचीही नोंद आहे, हे ऐकताच ते सावरून बसले आणि मूळ सनदेची नक्कल कोठे मिळेल याची चौकशी करू लागले.

इतक्यात बागेचा सालदार कपाशीच्या काड्यांचा भारा घेऊन आला. भरिताची वांगी भाजण्यासाठी वहिनींनी त्याला काड्या आणायला सांगितले होते. खानदेशात भरीत गॅसवर भाजणे हा गुन्हा नसला तरी गैरवर्तन खचित आहे. त्याने भारा टाकला, टपावरच्या आमच्या खटाटोपाकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "काय व्हयनं आबा? दिखत नही का?"

हा गृहस्थ पूर्वी काही हंगाम कोयता घेऊन ऊसतोडीला जात असे. आमच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी माणसे वर्षाचे पाच-सहा महिने फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत काढतात, आणि फड हलला की कोपीही हलते. तिच्याबरोबर चूल, कोंबड्या, लेकरे आणि हल्ली छत्रीही. शासनाच्या धोरणाची वाट न पाहता फिरत्या घराचा इतका दांडगा अनुभव घेतलेला मनुष्य समोर उभा असता आम्ही कोनमापकाशी झटत होतो.

त्याने छत्री टपावरून उतरविली. टपावर माणूस हलला की गाडी हलते आणि गाडी हलली की उपग्रह सुटतो, हे त्याने एका वाक्यात निकालात काढले. मग वायर पुरेल तितकी लांब नेऊन, चिंचेचा शेंडा नजरेआड होईल अशा मोकळ्या जागी त्याने छत्रीचा पाय एका घमेल्यात रोवला, घमेल्यात दगड भरले, आणि नानांनी परिश्रमपूर्वक आकाशाकडे वळविलेला तिचा चेहरा बिनदिक्कत खाली दाबला.

"अरे, अरे! ६४ अंश वर पाहायचंय! तू तर तिला खाली पाहायला लावलीस!" नाना ओरडले.

"आबा, हाई छत्री दिखस खाले, पन दखस वर," तो म्हणाला.

हे वाक्य एखाद्या यंत्रशास्त्राच्या ग्रंथात शोभावे असे आहे. या लहान छत्र्या म्हणजे पूर्ण वाडग्याचा मधला भाग नव्हे. मोठ्या वाडग्याच्या एका बाजूचा कापून घेतलेला तो तुकडा असतो, म्हणूनच समोरचा दांडा खालून येतो आणि छत्री ज्या दिशेला पाहताना भासते त्याहून वीस-पंचवीस अंश वरचे तिला दिसते. नानांच्या अचूक कोनामुळे ती बिचारी इतका वेळ जवळजवळ डोक्यावरच्या आकाशात काही सापडते का ते पाहत होती. सालदाराने ती तसूतसूने डावी-उजवीकडे सरकवली, नातवाने आतून "दर्जा सत्तर!" अशी आरोळी ठोकली, आणि पडद्यावर चित्र अवतरले.

नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती. मालिका संपली होती. वहिनींनी घड्याळाकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, नानांकडे मात्र पाहिले नाही. भरीत आणि कळण्याची भाकरी वाढताना त्यांनी पहिले ताट सालदाराला दिले, आणि त्याने हिरव्या मिरचीचा ठेचा मागितला तेव्हा तोही आपल्या ताटातला दिला. लखोट्यात काय निघाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपणात कळले : सासऱ्यांनी सर्व मिळकत मठाला दिली होती.

नानांनी यावर पर्यटन खात्याला पाठविण्यासाठी एक अर्ज तयार केला असून मी तो वाचला आहे. कॅराव्हॅन पार्कसाठी पाणी, वीज, रस्ता आणि स्वच्छतागृहे यांचा विचार शासनाने केलेला आहेच. त्यात आणखी एक कलम घालावे, अशी त्यांची विनंती आहे. गाडी उभी करण्याची जागा अशी आखावी की आग्नेयेकडील कोणत्याही झाडापासून छत्रीचे अंतर त्या झाडाच्या उंचीच्या निदान पाऊणपट भरेल. झाड आड येत असल्यास झाडास हात लावू नये, गाडी हलवावी. आणि प्रत्येक पार्कवर होकायंत्र न देता एक सालदार नेमावा.