दाखला नसलेले ग्रह

ऑगस्ट 2006 मध्ये प्रागला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेची सभा भरली आणि त्यांनी चक्क हात वर करून ग्रहाची व्याख्या ठरवली. त्या सभेत प्लूटोचं पद गेलं, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कुणाचं पद गेलं ही बातमी आपण नेहमीच चवीनं वाचतो. पण त्या व्याख्येची पहिली अट वाचायची राहून गेली. ग्रह व्हायचं असेल तर सूर्याभोवती फिरायला हवं. कुठल्याही ताऱ्याभोवती नाही, आपल्याच सूर्याभोवती. म्हणजे डोमिसाइल आलंच. मूळ प्रत सोबत आणावी.

सप्टेंबर 2025 मध्ये नासाच्या यादीतल्या, सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. नियम काटेकोर लावला तर त्यातल्या एकाकडेही दाखला नाही. संघटनेनं त्यांच्यासाठी निराळी कामचलाऊ व्याख्या केलेली आहे, तेव्हा त्यांना अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. मानधनावर घेतलंय म्हणा. कायम करायचं पुढं बघू. हे वाचून वर्गावर उभ्या असलेल्या कितीतरी शिक्षकांना या ग्रहांबद्दल आपुलकी वाटेल.

आणि आता हेच बाह्यग्रह पोरांना शिकवायचे, अशी टूम निघाली आहे. आमचा पाठिंबा आहे. फक्त ते रीतसर शिकवले जावेत, एवढंच म्हणणं.

तसं पाहिलं तर ग्रह शिकायला मराठी माणसाला शाळेची गरज कधीच पडली नाही. घरचे नऊ आहेतच. त्यातले राहू आणि केतू ही तर वस्तूच नव्हे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते दोन बिंदू. बिंदूंना ग्रहपद द्यायचं आणि पायाखालच्या पृथ्वीला वगळायचं, ही उदारता प्रागवाल्यांनाही दाखवता आली नाही. मग नव्यांना सामावून घ्यायला कसली अडचण? मिशेल मायोर आणि दिदिए केलो या दोघांनी 1995 मध्ये शोधलेला 51 पेगासी बी घ्या. वजनाला आपल्या गुरूच्या निम्म्याच्या आसपास, पण ताऱ्याभोवतीची फेरी सव्वाचार दिवसांत पुरी. आपल्या गुरूला त्यासाठी जवळजवळ बारा वर्षं लागतात, म्हणून तो राशीला वर्षभर मुक्काम करतो आणि तेवढ्यात मुलीचं गुरुबळ पाहून लग्न उरकता येतं. पेगासीच्या गुरूचं पंचांग काढलं तर मुक्काम साडेआठ तासांचा. सकाळी सुपारी फोडायची आणि दिवेलागणीच्या आत वरात काढायची. कार्यालयवाल्यांना एका दिवसात दोन बुकिंगं.

जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात ज्योतिषांची रीतसर परीक्षा घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखा म्हणाले. निकाल नाणेफेकीच्या वर गेला नाही. या निकालाचा परिणाम व्हायचा तो झालाच : 2021 पासून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ज्योतिषात एम.ए. करता येतं.

बाह्यग्रहांच्या बाबतीत आपला अभिमानही मागं नाही. 2019 मध्ये खगोल संघटनेनं स्वतःच्या शंभरीनिमित्त देशोदेशींना एकेक तारा आणि त्याचा ग्रह बारशासाठी दिला. आपल्या वाटच्या ग्रहाला पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलानं सुचवलेलं ‘संतमस’ हे नाव मिळालं. पोरानं विचार केला होता. ताऱ्याला इतका चिकटून, दोन दिवसांत फेरी मारणारा, दीड हजार अंशांनी तापलेला ग्रह ढगांनी झाकोळलेला असणार, असा त्याचा हिशेब. मोठ्यांनी मात्र त्यातलं संस्कृत तेवढं उचललं आणि ऋषिमुनींनी हा ग्रह आधीच पाहिला असल्याचा मजकूर सकाळच्या गुलाबाच्या फुलासकट सर्व गटांत पोचवला.

त्याच ताऱ्याचं नाव ‘बिभा’ आहे, ते मजकुरातून गळालं. बिभा चौधुरींनी कोलकात्यात देबेंद्र मोहन बोस यांच्यासोबत फोटोच्या काचांवर विश्वकिरणांच्या खुणा टिपल्या, नव्या कणाचा माग काढला, आणि महायुद्धामुळे चांगल्या काचा न मिळाल्यानं काम अर्ध्यावर राहिलं. पुढं तशाच पद्धतीनं चांगल्या काचा वापरून सेसिल पॉवेल यांनी काम पुरं केलं आणि 1950 चं नोबेल घेतलं. चौधुरी नंतर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या. पण यात ऋषी नाहीत, फक्त एक बाई आणि न मिळालेल्या काचा. असं कोण फॉरवर्ड करणार?

असो. प्रशिक्षणाकडे वळू.

प्रशिक्षणाशिवाय आपल्याकडे काही शिकवता येत नाही आणि प्रशिक्षणानंतर शिकवायला वेळ राहत नाही. दहाला नोंदणी, साडेदहाला दीपप्रज्वलन, मग गुलाबपुष्पं, मग पूर्वचाचणीची लिंक. लिंक उघडेना. ती उघडेपर्यंत चहा. सुलभकांनी पडद्यावर पहिली पाटी आणली : ‘बाह्यग्रह शोधण्याच्या पद्धती – पाच. प्रत्येकी दोन गुण.’ दुसऱ्या पाटीवर शोधकांची नावं आणि सन. 1992 मध्ये व्होल्श्चान आणि फ्रेल यांना एका मेलेल्या ताऱ्याच्या, पल्सारच्या भोवती ग्रह सापडले होते, म्हणजे मायोर-केलोंच्याही आधी. पण पहिला कोण यावर पोरं गोंधळतील म्हणून ते वगळले होते. मागून एका सरांनी हात वर केला. “ग्रह दिसतच नाही म्हणता, मग तो आहे हे कशावरून?”

“तो भाग विस्तारात जातो, सर,” सुलभक म्हणाले. “आपल्याला फक्त व्याप्ती बघायचीय.”

वास्तविक सरांनी विचारलं तोच सगळा विषय आहे. बाकी यादी. ताऱ्यासमोरून ग्रह आडवा गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर शंभरात एक भाग, पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांत एक भागही नाही. एवढंसं मापता येईल यावर नासाचाही विश्वास नव्हता. विल्यम बोरुकी यांचा केप्लर दुर्बिणीचा प्रस्ताव 1992 पासून चार वेळा फेटाळला गेला. ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा’ हा शेरा फक्त आपल्याच कचेऱ्यांत मिळतो असं वाटत असेल त्यांनी समाधान मानावं. बोरुकींनी त्रुटी भरून काढल्या त्या कशा? प्रयोगशाळेत खोटे तारे केले. पत्र्याला बारीक भोकं पाडून मागून उजेड सोडला, काही भोकांवरून बारीकशी तार ताणली. तारेतून वीज गेली की ती तापून नावाला जाड व्हायची आणि तेवढाच उजेड अडायचा. तो फरक मापून दाखवला, तेव्हा पाचव्या खेपेला मंजुरी मिळाली. 2009 मध्ये दुर्बीण उडाली आणि पुढच्या नऊ वर्षांत तिनं अडीच हजारांवर ग्रह दिले.

हे सगळं पडद्यावर नव्हतं. पण प्रशिक्षणाला आलेल्या एका बाईंनी ते कुठंतरी वाचलेलं होतं, आणि इथून घोळ सुरू झाला.

बाईंनी नववीच्या वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या. टेबलावर होल्डरमध्ये बल्ब, वरून दोऱ्याला लोंबणारा थर्माकोलचा गोळा, समोर पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला बाईंचा मोबाइल. त्यात उजेड मापायचं फुकटचं अ‍ॅप. आकडा 212 वर स्थिर. एका पोरानं दोरा हलवला, गोळा बल्बसमोरून सरकला, आकडा 205 वर आला, परत 212. फळ्यावर खडूची रेघ खाली गेली नि वर आली. “गेला! आला!” असा गलका झाला. दोरा धरणाऱ्याची बाही मध्ये आल्यानं एक जादाचा ग्रह नोंदवला गेला, तो चर्चेअंती रद्द झाला.

आणि वीज गेली. आकडा शून्य.

“बाई, लई मोठा ग्रह!” मागच्या बाकावरून आरोळी.

“एकदाच गेला तर ग्रह नसतो,” तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली. “तीनदा जायला पायजे. तेवढ्याच तेवढ्या वेळानं.”

“जातोय की! दर मंगळवारी अकराला जातो, एकला येतो.”

वर्ग गप्प. मुद्दा बिनतोड होता. तीनदा काय, वर्षभर जात होता. सात दिवसांची फेरी, दोन तासांचं ग्रहण, सगळं कसं नियमशीर. मुलीनं वर बघितलं.

“पण बाई, पंखापण बंद पडलाय. गोळ्यानं पंखा बंद पडत नाय.”

केप्लरच्या यादीतून खोटे ग्रह गाळायला बसलेले शास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. उजेड कमी झाला म्हणून पेढे वाटत नाहीत. शेजारचा ताराही त्याच वेळी मंदावला का, यंत्रात काही बिघडलं का, दोन तारे एकमेकांना झाकतायत का, हे आधी बघतात. नववीतली पोरगी तिथं पंख्याकडे बघून पोचली. अमेरिकेत 2019 मध्ये सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा नासाच्या गोडार्ड केंद्रात उन्हाळी उमेदवारीला गेला आणि तिसऱ्या दिवशी असेच उजेडाचे आलेख चाळताना दोन सूर्यांचा एक ग्रह त्याच्या हाती लागला. आलेख सगळ्यांना खुले आहेत, फुकट आहेत. आमच्याकडे नासा म्हणजे शाळेची परदेश सहल, प्रत्येकी काही लाख, रॉकेटसमोर फोटो, परतीला चॉकलेटं.

फोटोवरून आठवलं. उपक्रमाचा फोटो अ‍ॅपवर चढवल्याशिवाय उपक्रम झाला असं धरत नाहीत. बाईंनी चढवला. चादरी लावलेला वर्ग, त्यात वीज गेलेली. फोटो पार काळा. ‘चेहरे स्पष्ट नाहीत’ म्हणून अ‍ॅपनं परत पाठवला. सहा हजार बाह्यग्रहांपैकी ज्यांचा प्रत्यक्ष फोटो निघाला ते अगदी थोडे. पुस्तकात दिसतात ती बहुतेक चित्रकारांची कल्पना. तरी ते यादीत आहेत. कारण ती यादी आमच्या अ‍ॅपवर नाही.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून एकच विचारलं. “या प्रयोगाचा क्रमांक काय?” प्रयोगवहीच्या अनुक्रमणिकेत तो नव्हता.

गावातल्या क्लासवाल्यांनी मात्र विषय झटकन ओळखला. ‘बाह्यग्रह फाउंडेशन बॅच’चा फलक चौकात लागला. त्यावर पांढरा कोट घातलेला अंतराळवीर होता. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं के2-18 बी या ग्रहाच्या हवेत, पृथ्वीवर सजीवच तयार करतात अशा एका वायूच्या खुणा दिसल्याचं सांगितलं, तेव्हा फलकावर हिरवा परग्रहवासीही आला. त्या गटानंच म्हटलं होतं की पुरावा अजून पुरेसा नाही, आणखी निरीक्षणं हवीत. इतर शास्त्रज्ञांना तर तेवढंही पटलं नाही. आमच्या वाहिन्यांना लगेच पटलं. आपला माणूस, बनारसच्या आयआयटीत शिकलेला, एवढ्यावर पुरावा पूर्ण झाला.

परीक्षा झाली. प्रश्न पहिला, अ. रिकाम्या जागा भरा : ‘सूर्यमालेबाहेर एकूण ____ ग्रह आहेत. (1 गुण)’

आदर्श उत्तर 5000. मार्च 2022 मध्ये यादी तिथं होती, प्रशिक्षणाची पीडीएफ त्या वेळची होती आणि गाइडंही त्याच पीडीएफवरून छापून विकली गेली होती. पंखेवाल्या मुलीनं जागा न पुरल्यानं समासात लिहिलं : ‘सापडलेले सहा हजारांच्या वर. एकूण किती ते कुणालाच माहीत नाही.’

बाईंनी एक गुण दिला. फेरतपासणीत तो काढला गेला. पालकसभेत मुलीचे वडील उभे राहिले. “बाई, बाकीच्यांनी बरोबर आकडा लिहिला. तुम्ही हिला ‘माहीत नाही’ असं लिहायला शिकवता?” क्लासवाले मागच्या खुर्चीवर होते, त्यांनी मान डोलावली आणि कार्ड पुढं केलं.

बाई चिवट. आकडा बदलला असल्याचं त्यांनी पुराव्यासह वर लिहून कळवलं. महिन्याभरानं उत्तर आलं. विषय, संदर्भ, आणि खाली दोन ओळी : आपण निदर्शनास आणलेली बाब तपासण्यात येत आहे. तथापि पुढील आदेश होईपर्यंत सूर्यमालेबाहेर 5000 ग्रहच राहतील, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.