टोफूवहिनी

प्रत्येक गोतावळ्यात एक तरी माणूस असा असतो, की दुसऱ्याच्या पोटाचं भलं केल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. आमच्याकडे हे खातं वहिनींकडे आहे. ओट्स, चिया, ग्रीन टी ही मंडळी त्यांचं बोट धरून घरात आली आणि यथावकाश फडताळातल्या मागच्या डब्यांत समाधिस्थ झाली. टोफू मात्र तग धरून राहिला. निमित्त झालं दादाच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचं. रिपोर्ट दादाचा, पण संक्रांत आली पनीरवर.

वहिनींची पहिली मोहीम गनिमी काव्याची होती. पालक पनीरमधलं पनीर गुपचूप काढून त्या जागी टोफूची नेमणूक झाली. दादा नेहमीप्रमाणे मान खाली घालून जेवला. पण अण्णांनी, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांनी, एक तुकडा चावला, थांबले आणि उरलेले तुकडे ताटाच्या कडेला ओळीने मांडत विचारलं, "सूनबाई, पनीरला बरं नाही का?"

कावा उघडा पडल्यावर व्याख्यानमाला सुरू झाली. टोफूत कोलेस्टेरॉल औषधालाही नसतं. प्रथिनं भरपूर. चीनमध्ये हान घराण्यातल्या लिऊ आन नावाच्या राजपुत्राने तो दोन हजार वर्षांपूर्वी शोधला अशी आख्यायिका आहे. दूध नासवून पनीर, तसं सोयाबीनचं दूध नासवून टोफू, एवढं साधं आहे सगळं. वाढता वाढता त्या हे असं सांगतात, की समोरच्याला घास गिळावा की वहीत लिहून घ्यावा, कळत नाही.

श्रोते मात्र एकेक नग. पुतण्या व्यायामशाळेत जाणारा. त्याला प्रथिनांचा आकडा सांगितला की तो उशीही खाईल, त्यामुळे त्याचं मत कुणी धरत नाही. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून एकच प्रश्न टाकला, "उपासाला चालतं का?" या प्रश्नावर भलेभले गारद होतात, वहिनीही झाल्या. आणि अण्णा तर मूळचे लातूरकडचे. त्यांच्या शेतात खरिपाला सोयाबीनच असतं. "बाई गं, जन्म गेला सोयाबीन पिकवण्यात," ते म्हणाले. "ते आडतीवर न्यायचं असतं. गिरणीत त्याचं तेल निघतं, उरलेली पेंड कोंबडीला, आणि कोंबडी आपल्याला. सोयाबीन खायची रीत ही अशी आहे. तू मधली कोंबडी का गाळतेस?"

वहिनींनी छेंगदूच्या मापो टोफूचा दाखला दिला. टोफू म्हणजे काही नुसतं पथ्याचं खाणं नव्हे, तिकडे सिचुआनात तो झणझणीत लाल रश्शात खिम्याबरोबर शिजवतात. अण्णांचा चेहरा प्रथमच खुलला. "मग तो खिमा तेवढा कर."

दुसरी एखादी थकली असती. वहिनींनी तोंड बंद केलं आणि पदर खोचला. जीभ काही रिपोर्ट वाचत नाही, हे त्यांना उमगलं. टोफूचं खरं दुखणं म्हणजे पाणी. अंगात पाणी मुरलेलं, त्यात मसाला शिरणार कुठून? म्हणून आता आदल्या रात्री टोफूची लादी फ्रीझरमध्ये जाते. आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि वितळताना जागोजाग भोकं ठेवून जातो. जपानात कोया पर्वतावरचे बौद्ध भिक्षू याच न्यायाने गोठवून वाळवलेला टोफू खात आले आहेत, हे वहिनींना ठाऊक आहे, पण त्या आता ते ताटावर सांगत नाहीत. सकाळी लादी सुती पंच्यात गुंडाळायची, वर खलबत्ता ठेवायचा. मग सुरीने न कापता हातानेच ओबडधोबड तुकडे तोडायचे, म्हणजे मसाला धरायला कडा मिळतात. मीठ, हळद, थोडं तांदळाचं पीठ लावून ते तव्यावर जरा सढळ तेलात टाकायचे आणि हात आवरायचा. तुकडा आपणहून तवा सोडेपर्यंत उलथनं लावायचं नाही. घाई केली की खरपूस पापुद्रा तव्याला आणि पांढरा गोळा ताटाला. या चार मिनिटांत वहिनी ओट्यापाशी हाताची घडी घालून उभ्या असतात. तेवढा संयम त्यांनी आमच्यापैकी कुणाच्याही बाबतीत दाखवलेला नाही.

शेवटचा डाव त्यांनी थेट अण्णांच्या मुलखातला टाकला. कांदा-खोबरं काळपट भाजून वाटलं, येसूर लावून रस्सा केला आणि तुकडे त्यात सोडले. सोबत ज्वारीची भाकरी. नाव जाहीर केलं नाही, विचारलंही नाही. भोकाभोकांतून रस्सा प्यायलेला तुकडा अण्णांनी चावला. ताटाच्या कडेला काही ठेवलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "रस्सा वाढ जरा." वहिनींनी पळीत नुसता रस्सा घेतला, तसे अण्णा भाकरीकडे बघत पुटपुटले, "खालचंही येऊ दे की."

इथे दुसरं कुणी समाधान मानलं असतं. पण प्रचारकाला विजय पचत नाही. वहिनींनी गावाहून अण्णांच्याच शेतातलं सोयाबीन मागवलं आणि टोफू घरी पाडायला घेतला. रात्रभर भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटले की उग्र वास सुटतो, म्हणून वाटताना कडकडीत पाणी. मग गाळणं, चांगलं उकळणं, लिंबू पिळणं. टोफू झाला झकास, पण पंच्यात चोथा उरला भलामोठा गोळाभर. तो टाकायचा? वहिनी? कांदा, ज्वारीचं पीठ, ओवा घालून त्याची थालीपिठं ताटांत आली.

पुतण्याने आकडा विचारायच्या आधीच पाणी प्यायलं. आत्याबाईंना एकाएकी उपास आठवला. दादा लग्नानंतर बहुधा प्रथमच जेवताना बोलला, "अगं, त्यापेक्षा तो टोफूच कर ना!" आणि अण्णांनी ठासून अनुमोदन दिलं.

तेव्हापासून आमच्याकडे टोफूला कुणी नाव ठेवत नाही. चोथ्याची थालीपिठं मात्र वहिनी अधूनमधून करतातच. धाक राहिलेला बरा.