चालतोय की!

जुना कॅमेरा बाळगणाऱ्या माणसाने आपला फोटो हातात दिला, की तो आधी उलटा करून पाहावा. पुढच्या बाजूला फारसे काही नसते. भिंतीला टेकवलेली सायकल असते, गच्चीवरची पाण्याची टाकी असते, नाहीतर खिडकीशी बसवलेली आणि ‘झालं का एकदाचं?’ असा चेहरा केलेली बायको असते. खरा मजकूर मागे असतो. पेन्सिलीने, बारीक अक्षरात: कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, वडिलांचा. फिल्म १२०, मुदत केव्हाच संपलेली. ऊन कडक, पिवळा फिल्टर लावलेला. रोल घरी धुतला, पंधरा मिनिटे, दर मिनिटाला तीनदा हलवून, पाणी कॉर्पोरेशनचे. स्थळ बघताना पत्रिका मागवतात तीतही इतका तपशील नसतो.

पुण्यात अशा मंडळींची एक बैठक भरते, तिला मी कधीमधी जातो. माझ्याकडे जुना कॅमेरा नाही. मोबाइल आहे, तो खिशातून बाहेर काढायचा नाही एवढी सभ्यता मी पाळतो. बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात, कॉलेजात शिकणारी एक मुलगी असते, घड्याळ-दुरुस्तीत हात बसलेला एक गृहस्थ असतो आणि कुणाशीही न बोलता फक्त निगेटिव्ह उजेडाकडे धरून बघणारा एक डॉक्टर असतो. फोटो हातोहात फिरतात. आजवर तिथे मी ‘काय सुंदर फोटो आहे’ हे वाक्य ऐकलेले नाही.

“काका, कडेला हा पांढरा पट्टा कसला?”

“कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून उजेड शिरलाय.”

“वा! छानच शिरलाय.”

यात उपहास नसतो. ती मुलगी पट्ट्याकडे मन लावून बघते, कॅमेरा मागून घेते, ती खिडकी बोटाने दाबून पाहते आणि आपल्या वहीत काहीतरी टिपून ठेवते. मला हे कळायला वेळ लागला, पण आता खात्री आहे: ही माणसे एकमेकांना फोटो दाखवतच नाहीत. कॅमेरा चालतो हे दाखवतात. सायकल, टाकी, बायको हे सगळे साक्षीदार. साक्षीदार देखणा असलाच पाहिजे, असे कोर्टही म्हणत नाही.

आणि कॅमेरा चालणे ही साधी गोष्ट नव्हे. तो माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला असतो, किंवा जुन्या बाजारात स्टोव्हचे बर्नर आणि फोनचे चार्जर यांच्यामधून उचललेला असतो, किंवा मुंबईच्या चोरबाजारातून भाव करून आणलेला असतो. भिंगावर बुरशीचे जाळे असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कातडी केसमध्ये बंद करून ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला दिलेले आमंत्रणच. खटका अडकलेला असतो. भात्याच्या कॅमेऱ्याला कोपऱ्याकोपऱ्यांत भोके असतात, ती अंधारात आतून टॉर्च लावून मोजायची आणि काळ्या रंगाने बुजवायची. तरीही एखादे राहतेच. ते राहिले की मग त्याला ‘या कॅमेऱ्याचा स्वभाव’ म्हणायचे.

क्लिक थ्रीला या बैठकीत वडीलधाऱ्याचा मान आहे. बडोद्यात बनणारा हा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घराघरांत होता. १२०च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. फोकस करायची भानगड नाही. ऊन, ढग आणि पिवळा फिल्टर एवढ्याच निवडी. फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी घ्यायचा, म्हणजे समोरच्यांच्या तो डोळ्यांत जायचा. म्हणूनच त्या काळातल्या मुंजीच्या आणि महाबळेश्वरच्या फोटोंतले सगळे नातेवाईक डोळे बारीक करून जगाकडे संशयाने बघताना दिसतात. पुढच्या पिढ्यांनी त्यावरून ‘आजोबा फार कडक होते’ असे निष्कर्ष काढले. आजोबा कडक नव्हते, ऊन कडक होते.

त्यात घालायची १२०ची फिल्म कोडॅकने १९०१ साली बाजारात आणली आणि ती आजही मिळते, हे मला या सगळ्या प्रकारातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. मधल्या काळात कॅसेट आली-गेली, सीडी आली-गेली, माझे तीन मोबाइल चार्जर बदलून निरुपयोगी झाले. फिल्मची किंमत मात्र विचारू नये. बैठकीतल्या एकांनी घरी ‘रोल’ म्हटल्यावर ती फ्रँकी आहे असा समज होऊ दिला आहे आणि त्यावर संसार सुरळीत चालला आहे.

मुदत संपलेल्या फिल्मचे वेड मात्र मला मान्य नाही. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आता बनत नाही; तिचा एक रोल बैठकीतल्या एकांच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठीसह ठेवलेला आहे. तो रोल ते वापरणार नाहीत. वापरला तर संपेल, न वापरला तर खराब होईल. या पेचात ते दर बैठकीला आनंदाने सापडतात.

रोल धुणे हा दुसरा अध्याय. त्यासाठी अंधार लागतो, आणि फ्लॅटमध्ये खरा अंधार फक्त बाथरूममध्ये, तोही दाराच्या फटीला टॉवेल कोंबल्यावर. रविवारी सकाळी घरातल्या बाकीच्यांना नेमके तेव्हाच आंघोळीचे सुचते. अलीकडे तर डेव्हलपरही विकत आणायचा नाही, घरी करायचा, अशी टूम निघाली आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत एका वर्गाने इन्स्टंट कॉफीने फिल्म धुऊन दाखवली. कॉफीतल्या काही आम्लांना ते जमते. फक्त सोबत धुण्याचा सोडा लागतो. पुढे कुणीतरी त्यात ‘क’ जीवनसत्त्वाची पूड घातली आणि काम झटपट होऊ लागले. याला कॅफेनॉल म्हणतात. वास असा येतो की कॉफीवरचे प्रेम काही आठवडे स्थगित होते. फिल्टर कॉफी चालेल का, असे मी विचारले तेव्हा बैठकीत प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले गेले, आणि लगेच ‘स्वस्तातली इन्स्टंटच बरी’ असे एकमताने ठरले. मिश्रण वीस अंशांवर हवे. मे महिन्यात पुण्याच्या नळाला वीस अंश माहीत नाही. मग सरबतासाठी केलेला बर्फ जातो, आणि पाहुण्यांना कोमट पन्हे मिळते.

इथपर्यंत विकतचे कॅमेरे झाले. ज्यांना त्यांचाही कंटाळा येतो ते स्वतः कॅमेरा करतात. शाळेत आपण सूचिछिद्र कॅमेरा केलेला असतो, पण तो मेणबत्ती उलटी दाखवून संपायचा. इथे शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापायचा, शिवणाच्या बारीक सुईने टोचायचा, शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने मागचा फुगवटा घासायचा, पुन्हा टोचायचा. भोक गोल हवे आणि मापाचे हवे: फोटोचा कागद भोकापासून दहा सेंटिमीटरवर असेल तर साधारण अर्ध्या मिलिमीटरला थोडे कमी. मोठे झाले तर चित्र धूसर, फार लहान झाले तरी धूसर, कारण बारीक फटीतून जाताना प्रकाशच पसरतो. काडेपेटीचा कॅमेरा त्याहून गमतीचा. एक रिकामे फिल्मचे रीळ, एक भरलेले, मध्ये काडेपेटी आणि वरून काळी चिकटपट्टी. कडक उन्हात एक-दोन सेकंद पुरतात. घरात मात्र मिनिटे लागतात, आणि ती मोजायला बँकवाले काका घड्याळ वापरत नाहीत. स्वयंपाकघर असेल तर रामरक्षा, व्हरांडा असेल तर मारुतिस्तोत्र. त्यांच्या फोटोंमागे तशीच नोंद असते: ‘रामरक्षा दोन वेळा, सावकाश.’ डॉक्टर यावर एकदाच बोलले. म्हणाले, फलश्रुतीसकट की शिवाय, हे लिहीत जा.

स्वतः कॅमेरा करण्याचा आपल्याकडचा वारसा मोठा आहे, आणि त्याचा उल्लेख झाला की बैठकीतले सगळे ताठ बसतात. कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांना सिनेमाने झपाटले. नाटकांचे पडदे रंगवणारी ही माणसे; त्यांनी स्वतःच चलत्‌चित्राचा कॅमेरा बनवायचा घाट घातला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८च्या सुमारास कॅमेरा तयार झाला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. दामले म्हणजे पुढे फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ करणारे तेच. कॅमेऱ्याच्या स्क्रूला वळण देणाऱ्या हाताने पुढे तुकोबाही घडवले, हे आठवले की मला त्या घड्याळवाल्या गृहस्थाच्या हातांकडे जरा वेगळ्या नजरेने बघावेसे वाटते. त्याने अजून फक्त खटके दुरुस्त केले आहेत, पण कोण जाणे. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचे स्मारक आहे. राजे, पुढारी, घोडे यांच्या पुतळ्यांच्या राज्यात एका यंत्रालाही जागा मिळाली, ती कोल्हापुरातच मिळू शकली असती.

याच्या दुसऱ्या टोकाला चेक देशातल्या क्योव गावचा मिरोस्लाव्ह टिही. पुठ्ठा, डांबर, दोऱ्याची रिळे आणि इलास्टिक यांतून तो कॅमेरे करी; प्लास्टिकची काच कापून, टूथपेस्ट आणि सिगारेटची राख लावून तिचे भिंग घासून काढी. त्याचे फोटो आता मोठ्या संग्रहालयांत लागतात. गावातल्या बायकांचे, त्यांना न सांगता काढलेले फोटो ते. आमच्या बैठकीतल्या मुलीने टूथपेस्टची कृती वहीत उतरवून घेतली आणि बाकीच्याबद्दल ‘हे काही बरोबर नाही’ असे स्पष्ट सांगितले. दोन्ही बाबतींत मी तिच्या बाजूचा.

अशा बैठकाही नव्या नाहीत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली; भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. काचेवर ओला कोलोडियन ओतून तो सुकायच्या आत सगळे उरकायचे दिवस ते. त्या सभांतही ‘काय सुंदर’पेक्षा ‘रसायन किती घातले?’ हेच जास्त विचारले जात असणार, अशी माझी आपली समजूत आहे. शिवाय तिथेही डॉक्टर होतेच.

दर वर्षी एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल दिवस म्हणून पाळतात, २००१पासून. प्रत्येकाने त्या दिवशी भिंगाशिवाय काढलेला फक्त एक फोटो जगापुढे ठेवायचा. एकच निवडायचा म्हणजे या मंडळींवर संकट, कारण बारा फोटोंतले बारा त्यांना बारा वेगवेगळ्या दोषांसाठी प्रिय असतात. यंदा काकांनी रविवारची वाटच पाहिली नाही. त्यांनी डिसेंबरातच एक डबा गच्चीवर बांधून टाकला होता.

त्याचे असे झाले. इंग्लंडात हर्टफर्डशर विद्यापीठाच्या वेधशाळेवर एका विद्यार्थिनीने २०१२ साली बिअरच्या डब्यात फोटोचा कागद घालून, एक भोक पाडून, तो दुर्बिणीच्या घुमटाला लावला आणि ती विसरून गेली. डबा २०२० साली सापडला. आठ वर्षांहून अधिक काळ कागद सूर्याकडे बघत बसला होता, आणि त्यावर सूर्याच्या वाटेच्या २,९५३ कमानी उमटल्या होत्या. विसरणे हेच तंत्र असलेला छंद ऐकून काका हरखले. ‘हे मला जमेल,’ म्हणाले.

अडचण भूगोलाची निघाली. तिकडे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम पंधरा अंश चढतो. पुण्यात त्याच दिवशी अठ्ठेचाळीस. मेच्या मध्यावर तर तो थेट डोक्यावर येऊन सावली गिळतो आणि पुढे चक्क उत्तरेकडून जातो. डबा सरळ उभा बांधला तर दुपारचा सूर्य चित्राच्या वरूनच निसटतो. म्हणून काकांनी तो मागे कलवून, टाकीच्या पाइपाला तारेने आवळला. बावीस डिसेंबरला लावायचा, एकवीस जूनला काढायचा, वळीव आणि पहिला पाऊस त्याने सोसायचा. धुवायची गरज नाही. ऊन इतके बसते की कागद आपणच काळा पडतो.

मार्चमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर आले.

“काका, हे काय बांधलंय?”

“कॅमेरा.”

“कॅमेरा? कमिटीला न विचारता? कुणाचं शूटिंग चाललंय?”

“सूर्याचं.”

काकांनी त्यांना समजावले. सहा महिन्यांचा एक फोटो आहे. जे जागचे हलत नाही तेवढेच यात उमटते: टाकी, कठडा, पलीकडची इमारत. हलणारा माणूस यात येतच नाही, तेव्हा कुणाच्या खासगीपणाचा प्रश्नच नाही.

“पण मी रोज सकाळी इथे कॉक सोडायला उभा असतो. मीसुद्धा नाही येणार?”

“नाही येणार.”

सेक्रेटरी जरा हिरमुसले. डब्याच्या भोकात वाकून बघू लागले, तेव्हा काकांनी त्यांना खांद्याला धरून मागे घेतले. थोडा वेळ कुणी बोलले नाही.

“आणि समजा, रोज त्याच जागी उभा राहिलो तर? पाच मिनिटं?”

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, टाकीच्या सिमेंटवरच गुणाकार मांडला आणि मान हलवली. “सहा महिन्यांचे पंधरा तास होतात. फार कमी आहेत,” ते म्हणाले. “थोडं वाढवता आलं तर बघा.”