कांद्याचे परराष्ट्र खाते

संरक्षणाच्या बाबतीत नाशिक जिल्ह्याने देशाला काही कमी पडू दिलेले नाही. ओझरच्या एचएएलमध्ये मिग-21 बनली, सुखोई-30 बनली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथूनच तेजस मार्क-1ए झेपावले. देवळालीत तोफखान्याचे अधिकारी घडतात. भारतीयांचे पासपोर्ट नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात. एवढे सगळे असूनही ढाक्यापासून कोलंबोपर्यंत शेजाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळवले ते लासलगावच्या गोणीने.

लासलगावची बाजार समिती स्वतःला आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणवते. आशियाचे राजकारण इथे ट्रॅक्टरच्या रांगेत उभे असते, हे दिल्लीला ठाऊक आहेच. फक्त रांगेतल्या शेतकऱ्याला ते निर्यात बंद झाल्यावर कळते.

29 सप्टेंबर 2019 ला, रविवारी, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांसमोर हसत हसत म्हणाल्या की, आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितले आहे. पुढच्या वेळी निदान आधी कळवत जा. तीस्तेच्या पाण्यावर, सीमेवरच्या कुंपणावर दोन्ही देशांत वर्षानुवर्षे चर्चा चालतात. इथे मागणी एवढीच होती, की थोडे आधी सांगा. भारताने ती लक्षात ठेवली असावी, कारण 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी घातली तीही न कळवताच. सीमेवर ट्रक अडकले, ढाक्याने अधिकृत नाराजी कळवली आणि वाटेवरचा 25 हजार टन माल मग ‘विशेष बाब’ म्हणून सोडण्यात आला. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

2019 च्या बंदीचा उत्तरार्ध तर कोणत्याही परराष्ट्र अभ्यासक्रमात लावावा असा आहे. आपला कांदा बाहेर जाऊ दिला नाही, तरी भाव उतरेनात. म्हणून सरकारने तुर्कस्तान आणि इजिप्तमधून कांदा मागवला. तो येईपर्यंत भाव खाली आले, राज्यांनी आपापली मागणी मागे घेतली, आणि चवीने बिथरलेल्या गिऱ्हाइकानेही त्याकडे पाठ फिरवली. आता या परदेशी कांद्याचे करायचे काय? जानेवारी 2020 मध्ये तो बांगलादेशला देऊ करण्यात आला. निफाडचा कांदा नाकारलेल्या देशाला इस्तंबूलचा कांदा, व्हाया भारत!

19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले आणि जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. नाशिकचे तेव्हाचे पालकमंत्री दादा भुसे यांनी त्यावर तोडगा सुचवला: परवडत नसेल तर दोन-चार महिने कांदा खाऊ नये. शेख हसीनांच्या स्वयंपाकघराचे धोरण भुसेंच्या मालेगावात पोहोचायला चार वर्षे लागली, पण पोहोचले खरे. त्याच सुमारास तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपान दौऱ्यावर होते. केंद्र दोन लाख टन कांदा 2,410 रुपये क्विंटलने घेणार, ही घोषणा त्यांनी तिथूनच केली. विंचूरच्या शेतकऱ्याला आपल्या कांदाचाळीतल्या मालाची बातमी टोकियोमार्गे मिळाली. बांगलादेश मात्र शहाणा झाला होता. त्याने आठवडाभरात चीन, इजिप्त, पाकिस्तान, तुर्कस्तान धरून नऊ देशांतून कांदा आणायला परवानगी देऊन टाकली.

8 डिसेंबर 2023 ला पुन्हा पूर्ण बंदी आली. यावेळी मात्र मुत्सद्देगिरी रंगात होती. मित्रदेशांची यादी निघाली: बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका. या सहा देशांसाठी 99,150 टन, आणि तेही एका सरकारी पाठबळाच्या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. मैत्रीचे वजन टनांत मोजता येते, हे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तज्ज्ञांना आजवर सुचले नव्हते. चाळीत कांदा सडत असलेल्या शेतकऱ्याने आपले नाव या यादीत शोधून पाहिले. तो मित्रराष्ट्र नव्हता.

कांद्याच्या भावाचे भय नुसते दिल्लीला नाही. जानेवारी 2023 मध्ये फिलिपिन्समध्ये कांदा मांसापेक्षा महाग झाला आणि आखातातून परतलेल्या विमान कर्मचाऱ्यांच्या सामानात चक्क कांदे सापडले. तिथले कृषिखाते तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्याकडेच होते. आपल्याकडे 1998 मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीचे सरकार घालवले. तेव्हा मुख्यमंत्री होत्या सुषमा स्वराज, ज्या पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या. योगायोगाने का होईना, त्या खात्याला कांदा कळणारी व्यक्ती एकदा तरी मिळाली.

4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला किमान 550 डॉलर दर आणि वर 40 टक्के शुल्क अशा अटींसह. 20 मे ला कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत लोकसभेचे मतदान होते. तिथे तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना भास्कर भगरे या शिक्षकाने हरवले. मग सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, शुल्क निम्म्यावर आले. उरलेले 20 टक्के हटवायला केंद्राने 1 एप्रिल 2025 हा मुहूर्त काढला. तारीख त्यांचीच आहे, या सदराने त्यात काही घातलेले नाही. उन्हाळ कांदा तोवर बाजारात ओतला जात होता आणि ढाक्याच्या व्यापाऱ्यांच्या फोनमध्ये कराची व इजिप्तचे नंबर आधीच साठवलेले होते.