वूफरराव जागा शोधतात

डोंबिवलीत घर घेताना माणूस सगळं विचारतो. स्टेशन किती मिनिटं, पाणी किती वाजता, वरचा मजला गळतो का. वूफररावांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी हॉलच्या भिंतीवर टकटक करून पाहिलं आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं, “ही किती इंची?” तो म्हणाला, “चार.” वूफररावांचा चेहरा पडला. घर मात्र घेतलं, कारण चार इंचांचंच कर्ज मंजूर झालं होतं.

वूफरराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे, ते सोसायटीने ठेवलेलं. टिळकनगर असो, रामनगर असो की एमआयडीसीचा निवासी भाग, असा एकेक वूफरराव सगळीकडे सापडतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा विम्यात, घराचे हप्ते नुकतेच संपलेले. हप्ते संपले की डोंबिवलीचा माणूस एक तर ट्रेकला जातो, नाहीतर लॅमिंग्टन रोडला. आमचे लॅमिंग्टन रोडला गेले आणि बारा इंची वूफरचा काळा डबा घेऊन, दुपारच्या स्लो गाडीच्या मालडब्यात मासळीच्या पाट्यांना खेटून परत आले. डब्याला पुढे दोन दिवस बोंबलांचा वास येत होता. त्यांच्या मते आवाजावर त्याचा परिणाम झाला नाही.

फाइव्ह पॉइंट वनमधले पाच स्पीकर कुठे लावायचे ते ठरलेलं असतं. भांडण लागतं ते त्या पॉइंट वनचं. खरेदीआधी वहिनींची समजूत घालताना वूफरराव म्हणाले होते, “अगं, ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळतच नाही. डबा कुठेही ठेवला तरी चालतो.”

“कुठेही? मग बाल्कनीत ठेवा,” वहिनी म्हणाल्या.

शास्त्र बरोबर होतं, पण ते अर्धंच सांगितलं होतं. आवाज कुठून येतो हे कळत नसलं, तरी किती येतो हे जागेवर ठरतं. हॉल १५ फूट बाय १० फूट, उंची साडेनऊ. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. हिशेब केला तर १० फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची अर्धी लाट नेमकी मावते आणि तिथेच येरझारा घालत फुगते. जमीन आणि छत यांच्यात ५९ हर्ट्झची. दोघी जवळपास एकाच पट्टीतल्या, त्यामुळे त्या सुराला अख्खा हॉल घुमतो. बरं, ही ५६ ची लाट भिंतींपाशी सर्वात जोरात आणि दोन्हींच्या मधोमध जवळजवळ शून्य. मधोमध कोण बसतं? ज्याने पैसे भरले तो. म्हणजे पडद्यावर भूकंप झाला की भिंतीला टेकून चणे खाणाऱ्या पोराच्या छातीत धडकी भरते आणि वूफररावांना फक्त संवाद ऐकू येतात.

डबा कोपऱ्यात ठेवला तर आवाज सर्वाधिक, हेही शास्त्रच. पण मराठी घरात रिकामा कोपरा दाखवा. ईशान्येला देवघर. तिथे धक्का लावायची कोणाची टाप नाही. स्वयंपाकघरात न मावलेला फ्रिज दुसऱ्यात. तिसऱ्यात चपलांचं कपाट आणि त्यावर लाइट बिलांची टाचणी. चौथ्यात आईंची कॉट. लोकलच्या बाकावर तिघं बसलेले असताना ‘जरा सरका’ म्हणून चौथा टेकतो, तसा तो डबा महिनाभर घरभर टेकत फिरला. सरकलं कोणीच नाही. उलट वहिनींनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून फुलदाणी ठेवली. ती ५६ हर्ट्झला चालायला लागते आणि ५९ ला खाली पडते.

मग वूफररावांनी जगभरचे ध्वनिवेडे करतात तो उपाय केला. डबा उचलून आपल्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवला, एकसारखा घुमणारा आवाज लावला आणि स्वतः हॉलभर रांगू लागले. आवाजाचं उगमस्थान आणि कान यांची अदलाबदल केली तरी हिशेब तोच येतो. त्यामुळे रांगता रांगता जिथे सर्वात सपाट, भरीव ऐकू येईल, तिथे डबा ठेवायचा. हे अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. फक्त रविवारी सकाळी, दार उघडं असताना, भिशीच्या बायका यायच्या वेळी करू नये. वहिनींनी त्यांना सांगितलं, “यांची अंगठी हरवलीय.” त्यावर दोघीजणी मदतीला खाली बसल्या.

उत्तम जागा सापडली ती आईंच्या कॉटच्या पायथ्याशी. आई म्हणाल्या, “ठेव. पण मालिकेच्या वेळी चालू पाहिजे. सासू वळली की ते धाड-धाड होतं ना, ते मला हल्ली ऐकू येत नाही.”

पहिला मान ‘जुरासिक पार्क’ला. १९९३ च्या त्या सिनेमात डायनॉसोर येताना पेल्यातल्या पाण्यावर वलयं उठतात. वूफररावांनी टीपॉयवर स्टीलचं फुलपात्र भरून ठेवलं. वलयं उठली! त्यांचे डोळे पाणावले. चित्रीकरणात ती वलयं गिटारची तार छेडून काढली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एवढ्या आनंदात माणसाला माहिती देऊ नये.

तक्रार अपेक्षेप्रमाणे आली. सेक्रेटरी मोबाइलवर डेसिबल मोजायला आले. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतर ४५ ची मर्यादा. खिडक्यांची तावदानं थरथरत होती आणि मोबाइल म्हणत होता ४४. नेहमीच्या मापाची गंमतच ही, की ५० हर्ट्झचा आवाज ते तीसेक डेसिबलने कमी धरतं. सेक्रेटरी मोबाइल झटकत निघून गेले.

खालच्या मजल्यावरचे काका मात्र मोबाइल न घेता आले. शांतपणे सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, “परवापर्यंत तुमचा तो डबा खिडकीकडे होता ना? तेव्हा आमच्या मांडणीवरचं मोठं पातेलंच फक्त वाजायचं. काल कॉटपाशी आला, तशी झाकणंही बोलायला लागली.”

वूफररावांनी माफी मागितली नाही. त्यांनी वही काढली. “झाकणं सगळी, की ठरावीक? पितळेचं आधी, की स्टीलचं?”

काकांचा राग तिथेच उतरला. त्यांचा हॉल मापाने हुबेहूब हाच. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या झाकणांची नोंद घेत होतं. शेवटी ठरलं असं, की वूफरराव खाली जाऊन ऐकणार आणि काका वर बसून रिमोट चालवणार. थोड्या वेळाने खालून हाक आली, “काका, अफाट! आमच्यापेक्षा तुमच्याकडे छान वाजतोय!”

वहिनी खिडकीत धावल्या. “अहो, तिथेच विचारून घ्या. त्यांच्याकडे एखादा कोपरा रिकामा आहे का?”