भिशीत बोलावं कसं?
(नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका डोंबिवलीतल्या एका सोसायटीतल्या बायकांच्या भिशीवर बेतलेली आहे. पण ठाण्यात, नाशकात, इंदुरात, कुठेही थोड्याफार फरकाने चालून जाईल. नुकत्याच राहायला आलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या आणि ‘मला बाई असल्या गप्पा जमत नाहीत’ असं म्हणून आजवर लांब राहिलेल्या, अशा सगळ्यांना ती उपयोगी पडावी.

आधी व्यवहार समजून घ्या. बारा जणी, दरमहा प्रत्येकी हजार रुपये. बारा नावांच्या चिठ्ठ्या एका वाटीत. घरातलं सगळ्यात लहान पोर एक चिठ्ठी उचलणार आणि जिचं नाव निघेल तिला बारा हजार. एकदा लागली की तिची चिठ्ठी बाद, हप्ता मात्र वर्षभर चालू. म्हणजे पहिल्या महिन्यात जिला लागते तिला बिनव्याजी कर्ज आणि शेवटच्या महिन्यात जिला लागते तिची सक्तीची बचत. हे सगळं पाच मिनिटांत आटपतं. उरलेल्या अडीच तासांचा अभ्यासक्रम पुढे दिला आहे.

त्याचा मूळ नियम एकच : कुठलाही विषय मिटवायचा नाही. मिटलेला विषय पुढच्या महिन्याला कामाला येत नाही.

धडा १ : प्रवेश

वेळ चारची असेल तर सव्वाचारला पोचावं. चपला काढता काढता ‘मी आज येणारच नव्हते’ हे वाक्य म्हणावं. आतून तीन-चार आवाजांत ‘अगं, का?’ असं येईल. यावर सांगायचं कारण मध्यम आकाराचं हवं. आजारपण सांगितलं तर सगळ्या गंभीर होतात आणि चहा लांबतो. मावशींनी दांडी मारली, पाणी दुपारी अडीचला आलं, मुलाचा डबा जसाच्या तसा परत आला, ही कारणं उत्तम.

खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांच्या, सोफा जुन्या सभासदांचा. नवीन बाईने दिवाणाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसावं. तिथून ‘काही मदत करू का?’ असं सहज विचारता येतं. ‘नको गं, बस तू’ असं उत्तर आलं तरी एकदा उठून ताटल्या बाहेर आणाव्यात. याची नोंद कुठेही होत नाही, पण सगळ्या घेतात.

हाक मारताना घाई नको. केस पांढरे दिसले म्हणून लगेच ‘काकू’ म्हणू नये. दुसरी कोणी काय म्हणते ते ऐकावं, मग तोंड उघडावं. शंका आली तर ‘ताई’. ताई म्हटल्याने आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही.

धडा २ : घरची रड

पहिला अर्धा तास तक्रारींचा. यात नवशिक्या बाईची हमखास होणारी चूक म्हणजे उपाय सुचवणं. बी विंगमधल्या काकू म्हणाल्या, ‘मिक्सरचं भांडं खालून गळतंय,’ तर ‘वॉशर बदला, पन्नास रुपयांत होतं’ असं सांगू नये. काकूंना वॉशर माहीत आहे. त्यांचा मिक्सर गेले चार महिने गळतोय आणि तेवढे महिने त्यावर बोलणं झालंय. अशा वेळी म्हणायचं, ‘आमचाही!’ तुमचा गळत नसेल तर दुसरं काहीतरी गळत असेलच. ते सांगा.

गॅस हा सुरक्षित विषय. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, हे सगळ्यांच्याच सिलिंडरवर लिहिलेलं असतं, तरीही कोणाला तो कमी भरतो, कोणाला जास्त जातो. ‘आम्हाला पन्नास दिवस पुरतो’ असं फुशारकीने सांगू नका. बाकीच्या लगेच हिशेब घालतात की तुमच्याकडे पाहुणेच येत नाहीत.

नवऱ्यांचा विषय निघाला की विशेष काळजी घ्यावी. आपल्या नवऱ्याला नावं ठेवायची मुभा आहे. दुसरीच्या नवऱ्याबद्दल तिचं म्हणणं पटलं तरी ‘हो, तसेच आहेत ते’ असं म्हणायची मुभा नाही. ‘सगळे मेले सारखेच’ असं म्हणून ते अख्ख्या जमातीवर वाटून टाकावं. निवृत्त होऊन घरी बसलेल्या आणि फ्रिज आवरायला लागलेल्या नवऱ्यांची वेगळी तुकडी असते. तिथे नुसती मान हलवली तरी पुरते.

सासूबाईंचा विषय काढण्याआधी, यजमानीणबाईंच्या सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या आहेत की नुसत्या पडल्या आहेत, याची खात्री करून घ्यावी.

धडा ३ : खाणं

यजमानीणबाई ‘आज काही विशेष केलं नाही हं’ असं म्हणून पाच पदार्थ मांडतात. त्यांतला घरी केलेला कुठला आणि आणलेला कुठला हे ओळखता आलं पाहिजे. ज्याच्याबद्दल ‘मीठ बरोबर आहे ना गं?’ असं विचारलं जातं तो घरचा. स्तुती त्याचीच करावी. थालीपीठ सोडून बाकरवडीचं कौतुक करणाऱ्या बाईचं नाव बरेच दिवस लक्षात राहतं.

थालीपीठ समोर आलंच आहे तर त्यावर कसं बोलावं ते पाहू. ते आधी नीट बघा : कडा कुरकुरीत, मध्ये बोटाने पाडलेलं भोक, त्यात सोडलेल्या तेलाने भोवताली उमटलेलं तपकिरी कडं, वर लोण्याचा गोळा वितळायच्या बेतात. पहिला घास खाऊन थोडं थांबावं आणि विचारावं, ‘भाजणी घरची?’ एवढ्या दोन शब्दांवर वीस मिनिटं निघतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं की नाही, उडीद किती घालायचा, दळण बारीक हवं की किंचित रवाळ, गिरणीवाल्याने आधी कोणाची मिरची दळली होती. मग कांदा किसायचा की चिरायचा हा प्रश्न येतो. इथे दोन तट पडतात. तुम्ही कुठल्याही तटात जा, पण ‘दोन्ही चांगलं लागतं’ असं म्हणू नका. त्याने चर्चा संपते.

प्रमाण विचारलंत तर ‘अंदाजाने’ असं उत्तर येईल. त्यावर वही काढू नये.

भिशी संकष्टीच्या दिवशी आली तर उपासाचा विषय आपोआप निघतो. उपासाला कोथिंबीर चालते का, जिरं चालतं का, हे घराघरांत वेगळं असतं आणि प्रत्येकीला आपलंच घर प्रमाण वाटतं. इथे ‘आमच्याकडे चालत नाही’ किंवा ‘आमच्याकडे चालतं’ यांपैकी एक वाक्य म्हणून गप्प बसावं. शास्त्रात काय लिहिलंय हे मोबाइलवर शोधून दाखवणारीला पुढच्या वेळी साबुदाणा वडा एकच मिळतो.

आग्रहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हणणं ही रीत. दुसऱ्यांदा ‘अर्धंच दे’. पूर्ण पडतं, ते खावं. घरी न्यायला डबा भरून दिला तर तो परत करताना रिकामा देऊ नये. काहीच नसेल तर चार चमचे साखर तरी घालावी.

धडा ४ : प्रवासाचे बेत

हा सगळ्यात मोठा धडा आहे आणि परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

*गणपतीला गाव.* कोकणवाल्या बायका मे महिन्यापासूनच अस्वस्थ असतात. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी सुरू व्हायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. त्यामुळे काळजीचा काळ निम्म्यावर येईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. सकाळी आठच्या ठोक्याला घरातले तीन मोबाइल घेऊन बसायचं आणि कोकणकन्या, मांडवी, तुतारी यांपैकी जी हाताला लागेल ती पकडायची. पाच मिनिटांनी वेटिंग लिस्ट. ज्यांना तिकीट मिळालं त्यांनी भिशीत ते हळूच सांगावं. ज्यांना मिळालं नाही त्यांनी मोठ्याने सांगावं, सहानुभूती भरपूर मिळते. शिवाय तत्काळ आहेच, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला, म्हणजे आदल्या दिवशीची आणखी एक धडधड.

*एसटी.* 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि त्याआधी ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. हे कोणीतरी सांगतंच. त्यावर रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच, असा सुस्कारा सोडायचा असतो. पंचाहत्तरीच्या सवलतीचा उल्लेख करताना कोणाकडेही बघू नये.

*अष्टविनायक.* दर वर्षी एक तरी मिनीबस निघणार असते. सुरुवात मोरगावला करायची आणि शेवटी पुन्हा मोरगावलाच यायचं, अशी रीत आहे. पण डोंबिवलीहून महड आणि पाली आधी लागतात, म्हणून ‘वाटेतच आहेत तर करून टाकू’ असा एक पक्ष असतो. दुसरा पक्ष म्हणतो, ‘मग कशाला जायचं?’ लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत म्हटल्यावर खुर्च्यांवरचा तिसरा पक्ष तयार होतो, तो खाली बसमध्ये थांबणार असतो.

*मुलांकडे परदेशात.* ज्यांची लेक किंवा सून तिकडे बाळंत व्हायची आहे त्यांना या महिन्यात बोलायचा पहिला मान. अमेरिकेला जाताना बहुतेक विमानांत 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात. त्यांत डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, लोणचं आणि उरलेल्या जागेत स्वतःचे कपडे. वजन करण्यासाठी बॅग हातात धरून घरच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. हा आकडा भिशीत सांगायचा नसतो.

*आपण सगळ्याजणी.* हा बेत दर महिन्याला निघाला पाहिजे. आमच्या अभ्यासक्रमात माथेरान नेमलेलं आहे. कारण नेरळ आपल्या कर्जत लोकलवरचंच स्टेशन, तिथून 1907 साली सुरू झालेली छोटी गाडी, वर दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी, त्यामुळे हवा चांगली. सकाळी निघालं तर रात्री जेवायला घरी. इतकं सोपं आहे म्हणूनच ते अवघड आहे. नमुना संवाद पाहा :

‘एकदा आपण सगळ्यांनी माथेरानला जाऊ या गं.’
‘जाऊ या की! पण पावसाळ्यात नको, खालून गाडी बंद असते.’
‘मग दिवाळीनंतर?’
‘दिवाळीनंतर आमच्याकडे लग्न आहे.’
‘डिसेंबर?’
‘डिसेंबरात गर्दी किती! आणि पोरांच्या परीक्षा?’
‘एवढं जायचंच तर मग एक रात्र राहू या.’
‘राहायचंच तर मग महाबळेश्वर का नको?’
‘महाबळेश्वर झालंय सगळ्यांचं. केरळ करू या.’
‘केरळला खोबरेल तेल असतं सगळ्यात, ह्यांना चालत नाही.’
‘अगं, हे कुठे येणारेत?’
‘हो की! मग ह्यांच्या जेवणाचं काय?’
‘त्यापेक्षा माथेरानच बरं.’

हा संवाद पाठ करावा. यात नवशिक्या बाईने काय करू नये? तारीख ठरवून व्हॉट्सॲपवर वेगळा ग्रुप काढून ‘प्रत्येकीने पाचशे रुपये ॲडव्हान्स पाठवावा’ असं लिहू नये. सगळ्यांचे दोन-दोन अंगठे येतात, मग तीन दिवस शांतता, मग एकीचा सुप्रभातचा गुलाब. त्यातून ग्रुप वर येत नाही.

जायचंच असेल तर अनुभवी बायकांची पद्धत वेगळी आहे. दोघी-तिघींनी गुपचूप तिकिटं काढायची, जाऊन यायचं आणि पुढच्या भिशीला चिक्की वाटायची. चिक्की खाता खाता बाकीच्या रुसतात. रुसवाही महिनाभर पुरतो.

धडा ५ : निघणं

‘चला, निघते’ हे पहिल्यांदा सहाला म्हणावं. प्रत्यक्षात निघायला पावणेसात होतात. महत्त्वाच्या गोष्टी दारात उभ्यानेच निघतात : कोणाचं कुठे जमलं, कोणाच्या रिपोर्टमध्ये काय आलं, कोणाला खरोखर पैशांची अडचण आहे आणि या महिन्याची चिठ्ठी तिला द्यायची का. दोन तास मिक्सर आणि कोथिंबीर होऊ द्यावी लागते, तेव्हा कुठे ही दहा मिनिटं मिळतात. म्हणून चपला घालायची घाई करू नये. आणि इथे मात्र, फक्त इथेच, उपाय सुचवला तर चालतो.

स्वाध्याय

*प्रश्न १. एका वाक्यात उत्तर लिहा.* यजमानीणबाई ‘काही विशेष केलं नाही’ म्हणाल्या, तर दुपारी किती जेवून जावं?

*प्रश्न २. कोण कोणास म्हणाले?*
(अ) ‘मी आज येणारच नव्हते.’
(आ) ‘अर्धंच दे.’
(दोन्हींचं उत्तर : सर्व जणी, सर्व जणींस.)

*प्रश्न ३. गाळलेली जागा भरा.* आमच्याकडे उपासाला कोथिंबीर \_\_\_\_\_\_.

*प्रश्न ४. कारणे द्या.* बारा जणींपैकी एकीलाही पाचशे रुपये जड नसताना माथेरान होत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत तुम्हाला कोणी पास-नापास करणार नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भिशी तुमच्या घरी येईल, ती खरी परीक्षा. भाजणी आठवडाभर आधी दळून आणा, शेजारून दोन खुर्च्या मागवा, आतल्या खोलीचं दार लावून घ्या. बाकी सगळं आधी ठरवून ठेवा, माथेरानची तारीख तेवढी ठरवू नका.