जावईबापूंचा रकाना

कोपनहेगन, जानेवारी

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, जावई काय करतात असं कोणी विचारलं की तुम्ही "कॉम्प्युटरमध्ये आहेत" म्हणून मोकळे होता. आता नीट सांगा. उद्या या शहराला किती ऊब लागेल, याचं भाकीत जावईबापू आजच करतात.

इथे घरोघरी बंब नाहीत. कचरा आणि लाकूड जाळून पाणी तापवतात आणि जमिनीखालच्या नळांतून शहरभर फिरवतात. 1973 च्या तेलटंचाईत चटके बसल्यावर 1979 मध्ये यासाठी कायदाच केला. एका कचरा जाळणाऱ्या कारखान्याच्या छपरावर लोक स्कीइंग करतात. आई, तो फोटो खराच आहे गं.

गोम अशी, की तापलेलं पाणी टोकाच्या घरापर्यंत पोचायला काही तास लागतात. थंडी पडल्यावर जाळ केला तर उशीर झालेला असतो. कमी तापवलं तर ऐन वेळी जादा, महागडे बॉयलर पेटवा. जास्त तापवलं तर ऊब मातीत. म्हणून यंत्राला मागच्या वर्षांचे आकडे घोकायला लावतात: तापमान, वारा, ऊन, वार, सुट्टी, कालची मागणी. जाड भिंतींना थंडी उशिरा कळते, म्हणून परवाचा गारठासुद्धा आजच्या हिशेबात धरायचा. सकाळी शहर आंघोळीला गेलं की आलेखात उंचवटा येतो. मला ते जरा चोरून बघितल्यासारखंच वाटतं.

दादाच्या लग्नातल्या आचाऱ्याने चारशे पानांचा अंदाज अचूक बांधला होता, पण काका किती जिलब्या हाणतील हे त्याला सांगता आलं असतं का? यांचंही तसंच. अख्खं शहर बरोबर येतं, एकटं घर दगा देतं.

त्यातून आमचं घर! हौसेने यांनी घरच्या मीटरचंही भाकीत मांडलं. मी मिरच्या परतल्या, ठसका लागला, भर थंडीत खिडक्या सताड उघडल्या. हीटर चालूच. यंत्र म्हणे घरात वादळ शिरलं. आता त्यांनी "स्वयंपाक" असा नवा रकाना वाढवलाय आणि सकाळी ऑफिसच्या गडबडीत मला विचारतात, "आज ठेचा आहे का?" बायकोच्या स्वयंपाकाची एवढी आस्था लग्नानंतर प्रथमच दिसली, म्हणून मीही रोज वेगळं सांगते.

मार्चमध्ये याल तेव्हा जाड स्वेटर घराबाहेरच लागेल. आणि बाबा, तुमची पहाटे चारची आंघोळ कुठल्या रकान्यात घालावी, या विवंचनेत जावईबापू आतापासूनच आहेत.

तुमची,
मनू